झेंडा, मोर्चा आणि फाट्यावरची माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

मी निवृत्त मुख्याध्यापक. वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत नोकरीची शेवटची अकरा वर्षं काढली. माझ्यावर एकदा मोर्चा आला होता, झेंड्यावरून. आज त्याबद्दल बोलतो. मोर्च्याबद्दल थोडं आणि तो पाहत उभ्या राहिलेल्या माणसांबद्दल जास्त.

साल २०२२, तारीख १५ ऑगस्ट. त्या वर्षी घरोघरी तिरंगा होता. आधीच्या डिसेंबरात ध्वजसंहिता बदलून पॉलिस्टरचे, मशीनवर शिवलेले झेंडे चालतील असं ठरलं होतं. त्यामुळे आमच्या एवढ्याशा गावात पाहाल तिकडे झेंडे. मोटारसायकलला, ट्रॅक्टरला, पाण्याच्या टाकीला. एकानं तर कपाशीतल्या बुजगावण्याच्या हातात दिला होता. तो मी स्वतः बांधावर जाऊन काढायला लावला.

शाळेचा झेंडा मात्र खादीचा, वर्षभर कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवलेला. आमच्या शाळेला शिपाई नव्हता, झेंडा मीच बांधत असे. ते काम दिसतं तेवढं सोपं नाही. कापडाच्या एका टोकाला छोटी लाकडी खुंटी असते, ती वर जायला हवी. घडी आवळून घालायची, आत झेंडूच्या पाकळ्या भरायच्या आणि वरून अशी सरकगाठ मारायची की एका हिसक्यात सुटली पाहिजे. जास्त आवळली तर पाहुणे दोरी ओढत राहतात आणि पोरं खुदुखुदू हसतात. सैल राहिली तर झेंडा अर्ध्यातच सुटतो. रात्रभर पाऊस होता. सकाळी सहाला अंधुक उजेडात, चष्म्यावर पाणी, मी गाठ मारली. गाठ उत्तम जमली. खुंटी तेवढी खाली गेली.

सरपंचबाईंनी दोरी ओढली. पाकळ्या पडल्या, सगळ्यांचे हात कपाळाला लागले आणि चौथीतली एक पोरगी रांगेतूनच ओरडली, "सर, उलटा!"

वर पाहिलं तर हिरवा पट्टा वर, केशरी खाली. राष्ट्रगीत अजून सुरू व्हायचं होतं. झेंडा उतरवला, सुलटा केला, पुन्हा चढवला. दीड-दोन मिनिटं गेली असतील. मग राष्ट्रगीत झालं, कवायत झाली, पोरांना बुंदी वाटली. मला वाटलं, झालं, विषय संपला.

पण कोणीतरी मोबाइल धरला होता. त्यातले वीस सेकंद दुपारपर्यंत तालुकाभर फिरले. उलटा झेंडा तेवढा दिसत होता. सुलटा केलेला भाग त्यात नव्हता. चार वाजता आमच्या फाट्यावर तीस-चाळीस पोरं जमली. घोषणा सुरू झाल्या आणि मग सगळी रस्त्यावर बसली. दोन्हीकडून गाड्या अडकल्या.

पोलीस पाटील मला घरीच थांबा म्हणत होते. मी गेलो. म्हटलं, चूक माझी आहे, तोंड लपवून काय होणार? पण फाट्यावर पोचल्यावर मोर्च्यातल्या कोणी मला ओळख दाखवलीच नाही. बहुतेक बाहेरगावची पोरं, त्यांनी फक्त झेंडा पाहिला होता. मी गर्दीच्या कडेला उभा राहिलो आणि जवळजवळ दीड तास स्वतःविरुद्धचा मोर्चा पाहिला. असा योग सगळ्यांच्या नशिबी येत नाही.

कडेला कोण कोण होतं? निंदणाहून परतणाऱ्या बायांचा ऑटो होता. त्यातली एक बाई म्हणाली, "उलटा लागला तं सुलटा करा ना. घरी लेकरू भुकेलं हाये, आमी काहून बसाव इथं?" झेंडा सकाळीच सुलटा झाला होता हे तिला माहीत नव्हतं. बसलेल्यांपैकीही बऱ्याच जणांना नसावं.

दूधवाला होता, मोटारसायकलला दोन्हीकडे कॅन बांधलेले. त्यानं मला ओळखलं. म्हणाला, "गुरुजी, तुमचा झेंडा सरळ झाला जी, पन मायं दूध उभ्या उभ्या नासून राह्यलं."

चहावाला होता. तो मोर्च्यातल्या पोरांनाही "बरोबर आहे भाऊ" म्हणत होता आणि ऑटोतल्या बायांनाही "बरोबर आहे बाई" म्हणत होता. त्या दिवशी त्याचा गल्ला चांगला झाला असेल. मला चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. ती कोणती प्रतिक्रिया समजायची, हे मला अजून कळलेलं नाही.

एक पोरगा मध्येच उठून ओरडला, "हिरवा वर कोनाच्या सांगन्यावरून केला?" त्या वाक्यानं फाट्यावरची हवाच बदलली. फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे. वीस वर्षांपासून तो माणूस तिथं बसतो, माझ्या सायकलीपासून स्कूटरपर्यंत सगळं त्यानंच जोडलं. ते वाक्य ऐकून तो काही बोलला नाही. हवेचा पाइप गुंडाळला आणि शटर अर्धं खाली ओढलं, पूर्ण बंद नाही, अर्धं. त्याच्या दुकानावरही त्या दिवशी तिरंगा होताच, आणि तो सुलटा होता.

आणि एक म्हातारे होते, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांचं घराणं मूळचं आष्टीचं. आमच्याकडे आष्टी म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही, पण दूरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. आष्टीच्या ठाण्यावर तिरंगा लावायला लोक गेले आणि गोळीबार झाला. त्याच दिवशी चंद्रपूरकडचं चिमूर गावही पेटलं. आष्टीच्या हुतात्म्यांच्या यादीत पंची गोंड आहेत, रशीद खान आहेत. म्हणून त्या गावाच्या नावापुढे शहीद लागतं. तर हे म्हातारे माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, तुमच्या हातून?" एवढंच. त्या अख्ख्या दुपारी मला लागलं ते हे दोन शब्द. मुर्दाबादच्या घोषणा मी पावसासारख्या अंगावरून निथळू दिल्या होत्या.

माझ्या पाहण्याप्रमाणे, त्या फाट्यावर झेंड्याचं सगळ्यात जास्त दुःख त्या माणसाला झालं होतं. आणि ते मोर्च्यात नव्हते.

मग ठाणेदार आले. तरुण माणूस, पण डोकं थंड. त्यांनी पोरांसमोर उभं राहून कायदा सांगितला. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण केशरी पट्टा जाणूनबुजून खाली ठेवला तर. चुकून लागला आणि लगेच सुधारला, तर त्यात गुन्हा बसत नाही. "रस्ता अडवणं मात्र बसतं," हेही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं. पोरं पांगली. त्यात तीन माझेच विद्यार्थी निघाले. रोज पहाटे याच रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं ती. एकावर जरी गुन्हा नोंदला असता तर भरती गेली असती. मी तक्रार देणार नाही असं लिहून दिलं.

आता एक जुनी गोष्ट, आपल्याच विदर्भातली. १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. सुरुवात जबलपूरला झाली, पण लढा तापला नागपूरला, १ मे पासून. मागणी आज ऐकली तर किती साधी वाटते! झेंडा हातात घेऊन सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यानं जाऊ द्या. तिकडे साहेबांची वस्ती, म्हणून बंदी. रोज थोडे थोडे लोक चरख्याचा झेंडा घेऊन निघायचे आणि रोज पकडले जायचे. दीड हजाराहून जास्त माणसं तुरुंगात गेली. हिंदी कवयित्री सुभद्राकुमारी चौहान पकडल्या गेल्या, विनोबा पकडले गेले. पुढारीपण आमच्या वर्ध्याच्या जमनालाल बजाजांकडे होतं. ते आत गेल्यावर वल्लभभाई पटेल आले. १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच रस्त्यानं गेली आणि सत्याग्रह थांबला.

शाळेत मी हे दरवर्षी शिकवलं, तारखा पाठ करून घेतल्या. पण माझ्यावर मोर्चा आल्यानंतर त्यातला एक वेगळाच प्रसंग डोक्यात फिरायला लागला. जमनालालजींना तुरुंगवासासोबत दंडही झाला होता. तो त्यांनी भरला नाही. तेव्हा सरकारनं त्यांची मोटार जप्त करून लिलावाला काढली. आमच्याकडे सांगतात की नागपुरात बोली लावायला कोणी पुढे आलंच नाही. विचार करा, १९२३ साली मोटार! घेण्याची ऐपत असलेली माणसं नागपुरात नक्की होती. ती सत्याग्रही नव्हती, तुरुंगात जाणारी नव्हती, एकानंही घोषणा दिली नसेल. लिलावाच्या दिवशी ती फक्त गप्प राहिली.

मोर्च्याची बातमी येते तेव्हा किती जमले, किती पकडले, एवढं छापून येतं. कडेच्या माणसाला कोणी मोजत नाही. पण झेंड्याच्या भांडणाचं पुढे काय होणार, ते त्याच्यावर ठरतं असं माझं मत आहे. तो गप्प बसून मोटार पडून राहू देतो, की गप्प बसून शटर अर्धं खाली ओढतो, यात फार फरक आहे. दोन्हीकडे आवाज नसतो, म्हणून बाहेरच्याला ते सारखंच वाटतं.

परदेशातही हेच. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्ट नावाचं शहर आहे. तिथल्या नगरभवनावर ब्रिटिश झेंडा वर्षाचे ३६५ दिवस असायचा. ३ डिसेंबर २०१२ ला तिथल्या नगर परिषदेनं २९ विरुद्ध २१ मतांनी ठरवलं की आता ठरलेल्या दिवशीच लावायचा, वर्षातून अठरा दिवसांपर्यंत. एका बाजूला तो कायमचा उतरायला हवा होता, दुसरीला रोज हवा होता, आणि हा मधला तोडगा. पण ज्यांना झेंडा म्हणजे आपली ओळख वाटत होती, ती माणसं रस्त्यावर उतरली. आठवडेच्या आठवडे संध्याकाळी रस्ते अडवले गेले, जाळपोळ झाली, ऐन नाताळात दुकानदार हातावर हात धरून बसले. निर्णय काही फिरला नाही. नंतर पहिल्यांदा झेंडा चढला तो ९ जानेवारीला, राजघराण्यातल्या सुनेच्या वाढदिवसाला. मी हे पेपरात वाचलं तेव्हा हसलो होतो. अठरा दिवसांवरून एवढं? आमच्या शाळेत तर तीनच दिवस, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. पण ज्याच्या उंबरठ्यावरून काही निघून जातं त्यालाच ते कळतं. आमच्या चौकातला एखादा ओटा रस्तारुंदीत हलवायचा म्हटला, निळ्या झेंड्याचा असो, भगव्याचा असो की हिरव्याचा, तर ग्रामसभा रात्री दहापर्यंत चालते. त्यावर मी कधी हसलो नाही.

त्या तीन दिवसांतला १ मे आमच्याकडे अवघडच. सकाळी शाळेत महाराष्ट्र दिनाचा तिरंगा आणि त्याच दिवशी वेगळ्या विदर्भाची मागणी करणारे काळे झेंडे लावतात, विदर्भाचा वेगळा झेंडा फडकवतात. २८ सप्टेंबर आला की विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर कराराच्या प्रती जाळतात. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजलअली आयोगानं १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, हे इथल्या चहाच्या टपरीवरही माहीत असतं. अनुशेष, सिंचन, नोकऱ्या, सगळ्या तक्रारींना लोक माना डोलावतात. आणि काळा झेंडा घेऊन कोणी "चला" म्हटलं की तेच लोक म्हणतात, "व्हा पुढं, आलोच." मी शेजाऱ्याला एकदा विचारलं, की मागणी पटते तर जात का नाहीस? तो म्हणाला, "सकाळी ज्या झेंड्याले सलाम केला, त्याच्याच दिवशी दुपारी काळा कसा धरू जी?" मला वाटतं, आंदोलन करणाऱ्यांनी या शेजाऱ्याशी बोलायला हवं होतं. त्यांनी त्याला घाबरट म्हटलं आणि सोडून दिलं.

माझ्या फाट्यावरचं पुढे काय झालं? दुसऱ्या दिवशी पंक्चरचं दुकान उघडलं, शटर पूर्ण वर. मी मुद्दाम स्कूटरची हवा तपासायला गेलो. हवा ठीक होती. आम्ही झेंड्याबद्दल काही बोललो नाही, पावसाबद्दल बोललो. त्या तीन विद्यार्थ्यांपैकी एक पुढच्या २६ जानेवारीला शाळेत आला, खुंटी कोणत्या बाजूला आहे ते लांबून पाहून गेला. आत ये म्हटलं तर, रनिंगला उशीर होते म्हणाला.

दूधवाल्याचे चाळीस लिटर गेले, त्याचे पैसे कोणी दिले नाहीत. मी देऊ केले, त्यानं घेतले नाहीत. पण वसुली वेगळ्या रीतीनं चालू आहे. फाट्यावर चार माणसांत भेटला की गाडी थांबवतो, कॅनवर हात ठेवतो आणि मोठ्यानं विचारतो, "काय गुरुजी, औंदा खुंटी वरच हाये ना जी?"

नमस्कार.