पेन न उचलता लिहिलेली अक्षरं

नमस्कार मंडळी! तुळशीचं लग्न लागलं की आपल्या गोव्यात माणसांच्या लग्नांची घाई सुरू होते, आणि म्हापसा, फोंडा, मडगाव कुठल्याही प्रेसमध्ये जा, पत्रिकेचा आल्बम समोर ठेवला की दहातली आठ माणसं एकाच प्रकारच्या अक्षरावर बोट ठेवतात. तेच ते रोमन लिपीतलं, वळणावळणाचं, एकातून दुसरं निघणारं, पेन न उचलता लिहिल्यासारखं. स्क्रिप्ट फॉन्ट म्हणतात त्याला. मी गेली कित्येक वर्षं पत्रिका लावतोय, आणि मला हा फॉन्ट मनापासून आवडतो, म्हणूनच तो चुकीचा वापरलेला बघितला की जीव तुटतो.

ह्या फॉन्टचा सगळा जीव सांध्यात असतो. मोरजी गावाचं नाव रोमनमध्ये लिहून बघा. एमचं शेपूट खाली ओळीवर संपतं, पण ओ लिहून झाला की पेन वरच्या बाजूनं बाहेर पडतं, म्हणजे पुढचा आर वरूनच सुरू व्हायला हवा. बी, व्ही, डब्ल्यू यांचंही तसंच. हातानं लिहिताना आपण हे न कळत करतो, फॉन्ट बनवणाऱ्याला मात्र प्रत्येक अक्षर कुठल्याही दुसऱ्या अक्षराला जुळेल असं आखावं लागतं. आताचे चांगले फॉन्ट शेजारचं अक्षर बघून आपोआप आकार बदलतात, एकाच अक्षराची दोन-तीन रूपं आत भरलेली असतात.

पण खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायच्या काळात ही सोय कुठली! शिशाचा प्रत्येक खिळा वेगळा, दोन खिळ्यांच्या मध्ये केसाएवढी फट राहिली तरी कागदावर रेघ तुटलेली दिसायची, आणि जे शेपूट खिळ्याच्या बाहेर लोंबत ठेवलेलं असायचं ते दाबाखाली मोडायचं. तरीसुद्धा 1953 मध्ये फ्रान्सच्या रोझे एक्सकोफोंनी स्वतःच्या हस्ताक्षरावरून मिस्त्राल नावाचा फॉन्ट बनवला, त्यात छोटी अक्षरं शिशातसुद्धा एकमेकांत मिसळतात, मला आजही ती बघून नवल वाटतं. पुढे फिल्मवर अक्षरजुळणी आली, शिसं मध्ये नाही त्यामुळे अक्षरं एकमेकांवर चढवता येऊ लागली, आणि 1966 मध्ये मॅथ्यू कार्टर यांनी चार्ल्स स्नेल या जुन्या इंग्रज लेखनशिक्षकाच्या वळणावरून स्नेल राउंडहँड हा फॉन्ट केला. पत्रिकेवरचं ते गोलसर, एका बाजूला कललेलं, जाड-बारीक अक्षर त्याच घराण्यातलं.

आपल्याला हे काही परकं नाही बरं का. मोडी आठवा! आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर, सगळं वेगासाठी. जमिनीचे कागद, हिशेब, पत्रं अशीच लिहिली जायची. मोडी 2014 साली युनिकोडमध्ये आली, त्यामुळे आता कॉम्प्युटरवर मोडी टाइप होते.

आता चूक कुठे होते ते सांगतो. माझ्या मामेबहिणीच्या पत्रिकेत मीच केली होती. पत्रिका भरगच्च दिसावी म्हणून नाव सगळं कॅपिटलमध्ये टाकलं. ह्या फॉन्टची कॅपिटल अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एकटी मिरवायला केलेली असतात, प्रत्येकाला आपापला मोठा फुलोरा, ती ओळीनं उभी केली की नुसती गुंतवळ. वर मी अक्षरांमधली जागाही वाढवली, त्यामुळे होते नव्हते ते सांधेही तुटले. मामीनं पत्रिका हातात घेतली, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि विचारलं, "अरे, नाव खंय आसा?" तीनशे पत्रिका छापून झाल्या होत्या. देवनागरीतही हे होतं, जागा वाढवली की शिरोरेघेचे तुकडे पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो, फलकांवर मी हे रोज बघतो.

म्हणून माझं ऐका. वर-वधूचं नाव, बेकरीचं नाव, बिबिंका मिठाईच्या खोक्यावरचं नाव, एखादं छोटं "सस्नेह निमंत्रण", तिथे हा फॉन्ट मोकळ्या हातानं, मोठा वापरा, बाजूला भरपूर जागा सोडा. मुहूर्त, हॉलचा पत्ता, फोन नंबर मात्र साध्या सरळ अक्षरात. नातेवाईक रात्री गाडीत बसून मोबाइलच्या उजेडात पत्ता वाचत असतात हो, वाड्याचं, म्हणजे गावातल्या वस्तीचं, नाव चुकलं की भलत्याच देवळात जाऊन उभे राहतात!

आणि प्रेसमध्ये गेलात की आल्बममधल्या नमुन्यावर भाळू नका, तिथे फॉन्टला शोभणारंच नाव टाकलेलं असतं. तुमच्या मुलीचं नाव टाइप करून घ्या, कागदावर प्रिंट काढायला सांगा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या. आजीनं एका दमात वाचलं तर तो फॉन्ट घ्या.