विठ्ठलाच्या दारात सरकार

(दृश्य: पंढरपूर. आषाढी दशमीची रात्र सरत आलेली. पत्राशेडमधली दर्शनबारी.)

रात्रीचे दोन वाजत आलेत. पत्राशेडमध्ये बायाबापड्या बसल्या जागी डुलक्या घेतायत. एक आजी पायाला तेल चोळतेय. तिच्या शेजारचे बाबा टाळ उशाशी घेऊन आडवे झालेत. तीन आठवडे चालून आलेली ही माणसं कालपासून बारीत आहेत, आणि विठ्ठलाच्या पायावर डोकं टेकायला अजून किती तास लागतील, हे कुणी विचारतही नाही.

मग बारी थांबते. मुख्यमंत्री सपत्नीक गाभाऱ्यात येतात आणि शासकीय महापूजा सुरू होते. बारीतल्याच एका जोडप्याला मानाचे वारकरी म्हणून शेजारी उभं करतात. अलीकडे पूजेच्या वेळी मुखदर्शन, म्हणजे लांबून होणारं दर्शन, चालू ठेवायला लागलेत, ते बरंच झालं. पण पायावर डोकं ठेवायला निघालेली बारी थांबलेलीच असते.

सरकार या गाभाऱ्यापर्यंत आलं कसं?

(दृश्य: महाद्वार, नामदेव पायरी, समोर चोखोबांची समाधी.)

नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. महार कुळात जन्मले म्हणून हयातभर त्यांना आत पाऊल टाकता आलं नाही, आणि गेल्यावरही ते दाराशीच राहिले. पुढची सहाशे वर्षं त्यांची माणसं याच जागेवरून कळसाला हात जोडून परत फिरली.

१ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसले. त्याआधी त्यांनी गावोगाव फिरून मंदिरप्रवेशासाठी लोकमत जागवलं होतं. दहाव्या दिवशी मंदिर सर्वांना खुलं करण्याचं ठरलं, तेव्हाच त्यांनी अन्न घेतलं. पुढं राज्यघटनेच्या २५व्या कलमात हे कायमचं लिहिलं गेलं. सार्वजनिक हिंदू देवस्थानं सर्व थरांतल्या हिंदूंना खुली करणारा कायदा राज्याला करता येतो. याला कुणी धर्मातली ढवळाढवळ म्हणतं, तेव्हा मी त्यांना या समाधीपाशी थोडा वेळ उभं राहायला सांगेन.

दार उघडलं, तरी आतला कारभार तसाच होता. विठ्ठलाची पूजा बडव्यांकडे, रुक्मिणीची उत्पातांकडे, दोन्ही वंशपरंपरेनं. देवापुढं जमणाऱ्या उत्पन्नाच्या हक्काचा बडव्यांमध्ये लिलाव व्हायचा. मग दर्शनाला आलेल्या गरिबाकडं कोणत्या नजरेनं बघितलं जात असेल, ते सांगायला नको. तक्रारी वाढल्या, नाडकर्णी आयोग बसला आणि १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला. वंशपरंपरागत हक्क रद्द झाले आणि कारभार सरकारनं नेमलेल्या समितीकडे द्यायचं ठरलं. त्याविरुद्धचा खटला मात्र चाळीस वर्षं चालला. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायद्याच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी समितीनं पूजेसाठी सगळ्या जातींतून अर्ज मागवले, बायकांकडूनसुद्धा.

(दृश्य: ६५ एकर. राहुट्या, पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, दवाखान्याचा तंबू.)

आणि हेही सरकारच. चंद्रभागेच्या वाळवंटातली घाण, ती हातानं उपसणारी माणसं, हे कोर्टापर्यंत गेलं, तेव्हा कुठं दिंड्यांना उतरायला ही ६५ एकरांची जागा मिळाली. इथं नळाला पाणी आलं की वारकऱ्याला सरकार भेटलं. त्यासाठी मंत्र्याला टिळा लावावा लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. दार सगळ्यांना उघडं आहे का, हे सरकारनं बघावं. हुंडीचा हिशेब बघावा, पाणी आणि औषध बघावं. समितीवर माणसं नेमताना पक्ष न बघता वारी केलेली माणसं नेमावीत. पण देवाची पूजा शासनाची कशी असेल? मुख्यमंत्री माळकरी असतील तर त्यांनी जरूर यावं, पण आपल्या नावानं यावं, बारीत उभं राहावं. राज्य वारकऱ्याचं आहे, तसंच ते पंढरीला कधीच न येणाऱ्याचंही आहे.

पूजा खुर्चीला चिकटली की काय होतं, ते आपण बघितलंय. कार्तिकीची पूजा उपमुख्यमंत्र्यांची. २०२३ मध्ये उपमुख्यमंत्री दोन होते, तर पूजा कुणी करायची हाच प्रश्न होऊन बसला. वारकऱ्यांच्या मनात असला प्रश्न येणारच नाही.

(दृश्य: गाभारा. समईचा उजेड.)

२३ जुलै २०१८. मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस पंढरपूरला आले नाहीत, त्यांनी मुंबईत ‘वर्षा’ बंगल्यावर पूजा केली. इकडं गाभाऱ्यात त्या रात्री पूजेला उभं राहिलं बारीतून आलेलं एक वारकरी जोडपं. देवाला पंचामृताचं स्नान झालं, तुळशीचा हार चढला, आरती झाली.

आणि बारी पुन्हा पुढं सरकली.