सिंकखालचा नट निघत नाही? आधी बाजू तपासा

नमस्कार मंडळी! किचनचा नळ बदलायचा व्हिडिओ टाकल्यापासून खाली एकच प्रश्न येतोय, "ताई, नवीन बसवायचा कळला, पण जुना निघतच नाही. तो खालचा नट कसा काढायचा?" म्हणून आज फक्त नट.

सुरुवातीचं पटापट सांगते. सिंकखालचे अँगल कॉक बंद करा, ते फिरत नसतील तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह. नळ उघडून राहिलेलं पाणी सोडा, खाली बादली ठेवा, कनेक्शन पाइप सोडवा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण वर बघताना गंजाचा चुरा थेट डोळ्यात पडतो. झालं.

आता ओट्यावरच्या नळाचा नट असतो सिंकच्या भांड्यामागे. भांडं आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम हात जातो. साधा पाना आत गेला तरी फिरायला जागा नसते, म्हणून उभा पाना लागतो. साध्या नळाच्या मोठ्या नटाला बेसिन रेंच घ्या: लांब दांडा, वर हलणारा जबडा, खाली आडवी मूठ. सिंगल लिव्हर मिक्सरला, म्हणजे एकाच दांडीने गरम-गार पाणी देणाऱ्या नळाला, बहुतेक वेळा खाली एक आट्यांची सळी आणि तिच्यावर छोटा नट असतो. सळी ८ मिमीची असेल तर १३ नंबरचा पाना. इथे आखूड सॉकेट, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना, घेऊ नका. सळी नटाच्या खाली लोंबत असते, ती सॉकेटच्या तळाला टेकते आणि सॉकेट नटापर्यंत पोचतच नाही. आरपार पोकळ ट्यूब पाना घ्या.

आणि आता ज्यासाठी हा व्हिडिओ करतेय ते. बाजू! नट कुठल्या बाजूला फिरवायचा?

मावशीकडे असाच नळ अडकला होता. बोलावलेल्या माणसाने तासभर झटून सांगितलं, "ओटा फोडावा लागेल." मावशीचा रडवेला फोन आला. मी जाऊन टॉर्च मारला, तर रबरी वायसर नटाच्या कडेने चहूबाजूंनी फुगून बाहेर आलेला. म्हणजे तासभर नट आवळला जात होता! ग्रॅनाइटचा ओटा एवढ्यासाठी फुटला असता. मला अजून त्याचा राग येतो.

तर नीट ऐका. पाठीवर झोपून वर बघताय, नट डोळ्यांसमोर आहे, तेव्हा सोडवायची बाजू घड्याळाच्या उलट. नेहमीसारखीच.

पण तुम्ही उभे आहात, वरून वाकून हात मागे घातलाय, तर तोच नट वरून बघणाऱ्याला घड्याळाच्या दिशेने फिरवायचा आहे. हात तोच, नट तोच, बघायची जागा बदलली.

पटत नसेल तर पाण्याची रिकामी बाटली घ्या, झाकण खाली करून धरा आणि वरून बघत झाकण उघडा. बघा हात कुठे फिरतोय.

तरीही गोंधळ झाला तर उजव्या हाताचा अंगठा जमिनीकडे करा, कारण नट खाली यायला हवाय. बाकीची बोटं जिकडे वळतात तिकडे फिरवा. आणि बेसिन रेंचचा जबडा एकाच बाजूने पकडतो. नुसता घसरत असेल तर तो पलटून दुसऱ्या बाजूला पाडा.

बाजू बरोबर असूनही हलत नाही? मग गंज किंवा क्षार. बरेच जण विचारतात, खोबरेल तेल चालेल का? नका हो घालू. ते आट्यांत नीट झिरपत नाही, थंडीत तर गोठतं. गंज सोडवायचा स्प्रे मिळतो, तो मारून रात्रभर ठेवा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नटाभोवती अर्धा तास गुंडाळा. ओटा कडप्प्याचा असेल तर मात्र व्हिनेगर दगडाला लागू देऊ नका. कडप्पा चुनखडीचा असतो, डाग कायमचा पडतो.

एवढं करूनही नाहीच निघाला, तर हॅक्सॉचं पातं, एका टोकाला कापड गुंडाळून. नट एका बाजूने उभा कापा. नळ तसाही जुना आहे, आटे खराब झाले तरी चालतील. ओट्याला मात्र हात लावू देऊ नका कोणाला.

चला, मी आत शिरते. वर कोणीतरी नळ घट्ट धरा, नाहीतर नटाबरोबर नळच फिरतो. टॉर्च इकडे. पाना बसला... घड्याळाच्या उलट... कर्रर्र! आला. आता बोटांनीच फिरतोय.