स्लाव्ह भाषांतले पाच, चाळीस आणि अंधार

श्रोतेहो, नमस्कार.

रशियन शिकणारा माणूस पाचाच्या आकड्याला हमखास अडखळतो. दोन टेबलं म्हणजे 'द्वा स्तला'. पण पाच म्हटलं की 'प्यात्य स्तलोव', म्हणजे शब्दशः 'टेबलांचे पाच'. मधेच ही षष्ठी कुठून आली?

इसवी सन 863 मध्ये सिरिल आणि मेथोडियस हे धर्मप्रचारक बंधू मध्य युरोपातल्या मोराव्हियाला गेले आणि स्लाव्ह भाषा, म्हणजे रशियन ज्या कुळातली ती, लिहिली जाऊ लागली. त्या जुन्या भाषेत एक ते चार हे आकडे विशेषणांसारखे वागत, नामाप्रमाणे बदलत. पाच ते दहा मात्र चक्क नामं होती. 'पेंत्य' म्हणजे मुळात पाचांचा गट, आपण 'पंचक' म्हणतो तसा. म्हणून 'टेबलांचं पंचक', आणि म्हणून ती षष्ठी. याचं सख्खं भावंड संस्कृतात आहे: पंक्ती! वैदिक भाषेत पंक्ती म्हणजे पाचांचा समूह. पाच चरणांच्या छंदाचंही तेच नाव. पुढे तिचा अर्थ ओळ झाला आणि मराठीत तिची पंगत झाली. पंगतीला पाचच पानं हवीत, असं मात्र कुणी म्हणत नाही.

नऊची गंमत वेगळी. मूळचा 'न' जाऊन स्लाव्हमध्ये 'देवेंत्य' झालं, कारण पुढच्या 'देसेंत्य'नं, म्हणजे दहानं, त्याला ओढलं. भराभर मोजताना शेजारचे आकडे असे एकमेकांना लागतात. स्लाव्हच्या जवळच्या बाल्टिक कुळातल्या लिथुआनियनमध्येही 'देविनि'च, त्याच कुळातल्या, आता लुप्त झालेल्या जुन्या प्रशियन भाषेतल्या 'नववा' या शब्दानं मात्र 'न' जपला.

स्लाव्हमध्ये अकरा म्हणजे 'दहावर एक'. शेजारच्या रोमानियननंही हीच घडण उचलली.

चाळीसला बहुतेक स्लाव्ह भाषा 'चार दहा' म्हणतात. रशियन मात्र 'सोरक'. काही अभ्यासक हा शब्द ग्रीकमधून आला असं मानतात. मला दुसरं मत पटतं: सेबल या प्राण्याची मौल्यवान कातडी चाळीस-चाळीसच्या गठ्ठ्यानं विकली जात, आणि त्या गठ्ठ्याला 'सोरक' म्हणत. बाजारानं व्याकरणावर मात केली, एवढंच.

आणि जुन्या रशियनमध्ये दहा हजार? 'त्मा', म्हणजे अंधार. आपल्या 'तमस्'चा नातलग. त्यावर तुर्की 'तुमेन'ची, म्हणजे दहा हजारांच्या फौजेची, छाप पडली का, हा वाद अजून आहे. रशियन माणूस मात्र तुडुंब गर्दी पाहिली की आजही 'त्मा नरोदु' म्हणतो.