टूम रेडर शेवटून सुरुवातीकडे: दिवाळीत २०१८, मे महिन्यात १९९६

[कॅमेऱ्याकडे बघून]

नमस्कार मंडळी, सोलापूरहून तुमचं स्वागत. आज विषय लारा क्रॉफ्ट, टूम रेडर या व्हिडिओ गेम मालिकेची नायिका. मालिकेत मुख्य खेळ बारा. पहिला १९९६ चा, बारावा २०१८ चा. हे बारा खेळ शेवटून सुरुवातीकडे कसे खेळायचे, ते आज बघू.

"शेवटून? येडा झाला का बे?" असं मित्र म्हणणारच. त्यांना सांगा, १९९६ पासून सुरुवात करणारे बरेच जण पेरूच्या गुहेतच अडकतात. लारा सरळ वळत नाही, कॅमेरा भिंतीत घुसतो, उडी चुकली की पुन्हा मागून सुरू. तिथेच खेळ बंद होतो, आणि पुढचे अकरा राहून जातात. उलट गेलात तर प्रत्येक पायरीवर एखादीच सोय कमी होते. आधी कुठे चढायचं ते दाखवणाऱ्या पांढऱ्या खुणा जातात, मग आपोआप भरून येणारी तब्येत, मग आपोआप होणारा सेव्ह, आणि सगळ्यात शेवटी मोकळा कॅमेरा. खुबी एवढीच, की सोय खेळाने काढून घ्यायच्या आधी आपणच ती सोडायची. ते कसं, हे प्रत्येक खेळाला सांगतो.

पण आधी इशारा. उलट खेळलात की गोष्ट फुटते, आणि या व्हिडिओतही फुटणार आहे. चालत असेल तर पुढे बघा.

[स्क्रीनवर: बारा खेळांची यादी, सालासकट]

२०१८ शॅडो, २०१५ राईज, २०१३ चा नुसताच टूम रेडर. २००८ अंडरवर्ल्ड, २००७ ॲनिव्हर्सरी, २००६ लेजंड. मग २००३ एंजल ऑफ डार्कनेस, २००० क्रॉनिकल्स, १९९९ लास्ट रेव्हलेशन, आणि १९९८, ९७, ९६ चे तिसरा, दुसरा, पहिला. आडवाटेला फार न जाता खेळलात तर सगळे मिळून अंदाजे दीडशे तास लागतात. आठवड्याला सहा तास दिले तर पंचवीस आठवडे, म्हणजे दिवाळीला सुरू केलेलं काम एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला संपतं.

आणि सोलापूरकरांसाठी याच क्रमात एक फायदा दडलाय. सगळ्यात जड खेळ थंडीत होतो, सगळ्यात हलका मे महिन्यात. बाहेर चाळीसच्या वर पारा असताना पत्र्याच्या खोलीत शॅडो चालवलात, तर ग्राफिक्स कार्ड तापतं, स्वतःचा वेग उतरवतं आणि चित्र अडखळायला लागतं. दोष खेळाचा नसतो, खोलीतल्या हवेचा असतो. १९९६ चा खेळ त्याच कार्डाला जाणवतही नाही. एकच गोष्ट बघा: जुन्या खेळात व्ही-सिंक, म्हणजे पडद्याच्या वेगाइतक्याच फ्रेम काढायची सेटिंग, चालू ठेवा. बंद राहिलं तर खेळ सेकंदाला शेकड्याने फ्रेम काढत बसतो आणि हलका खेळसुद्धा पंखा किंचाळायला लावतो.

लाईटचंही बोलून घेऊ. डेस्कटॉपला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस असेल तर तो खेळायला नाही, सेव्ह करून बंद करायला आहे. त्याची खरी ताकद साधारण ३६० वॅट. शॅडो चालू असताना मोठं कार्ड आणि प्रोसेसर मिळून त्याच्यावर जाऊ शकतात, आणि मग लाईट गेल्याबरोबर यूपीएसही बसतो. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर त्याच्यावर यूपीएस मोडचा खटका आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाईट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या झटक्यात पीसी रिस्टार्ट होऊ शकतो. शॅडो, राईजमध्ये त्याचं फार वाटत नाही, खेळ स्वतःच सेव्ह करत असतो. १९९६ कडे जाल तसं हे महाग पडत जातं.

[स्क्रीनवर: शॅडोची सेटिंग]

आता पहिली पायरी, शॅडो ऑफ द टूम रेडर. किमान ८ जीबी रॅम आणि ४० जीबी जागा धरा. डायरेक्टएक्स १२ चालू ठेवा, बहुतेक मशीनवर फ्रेम सुधारतात. ६० फ्रेम पेलत नसतील तर ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमधून ३० वर बांधून टाका. एकसारखे ३० हे वरखाली होणाऱ्या ५० पेक्षा बरे.

अवघडपणा या खेळात तीन भागांत वेगवेगळा ठरवता येतो: लढाई, शोध आणि कोडी. लढाई सोपी ठेवा, लाज बाळगू नका. शोध मात्र अवघडवर न्या. त्याने कड्यांवरचे पांढरे पट्टे निघून जातात आणि कुठली कड पकडता येईल हे दगड बघून ओळखावं लागतं. हीच नजर पुढे १९९६ पर्यंत कामी येते. सुरुवातीचे दोन तास चिडचिड होईल. मग डोळा बसतो. सगळ्यात वरचा, 'डेडली ऑब्सेशन' नावाचा अवघडपणा घेऊ नका, त्यात सेव्ह फक्त शेकोटीपाशी होतो.

गोष्ट मेक्सिकोतून पेरूतल्या पैतिती नगरीकडे जाते. शेवटून आलेल्याला 'ट्रिनिटी' ही संघटना कोण, हे धड कळत नाही. कळून घ्यायची घाई करू नका, पुढच्या खेळात ते येतंच.

राईजमध्ये सायबेरिया आणि हरवलेली कितेझ नगरी. किमान ६ जीबी रॅम, २५ जीबी जागा. टेक्स्चर सगळ्यात वरच्या पातळीवर नेऊ नका, ४ जीबीचं कार्डसुद्धा तिथे धापा टाकतं. शॅडोमधून आलात की हात खाली उतरायचा रॅपेलचा दोर शोधतो, पाठीमागे झुकलेल्या कपारीवर चढायला बघतो. ते दोन्ही इथे नाही. वाट सापडत नसेल तर बहुतेक वेळा तुम्ही शॅडोची वाट शोधत असता. लाराच्या वडिलांचं काय झालं, हा राईजमधला धक्का शॅडोने आधीच फोडलेला असतो. उलट क्रमातलं हे सगळ्यात मोठं नुकसान, ते मान्य करून पुढे चला. वस्तू चमकवून दाखवणारं सर्व्हायव्हल इन्स्टिंक्टचं बटण मात्र या खेळात दाबायचं बंद करा.

२०१३ चा खेळ १२ जीबीत बसतो आणि साध्या लॅपटॉपवरही पळतो, फक्त केसांचं ट्रेसएफएक्स बंद करा. लाराच्या केसांपायी फ्रेम ढासळतात, बाकी चित्राला काही होत नाही. जागा यामाताई बेट. इथे पाण्याखाली बुडी मारता येत नाही, तेव्हा तळी धुंडाळत बसू नका. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरेपर्यंत हा संपत आला असेल तर वेळापत्रक ठीक चाललंय.

[कॅमेऱ्याकडे]

२००८ ला उतरलात की कपारीमागे लपून तब्येत भरून येण्याच्या भरवशावर राहू नका. आता मेडिपॅक, म्हणजे तब्येत भरणाऱ्या औषधपेट्या, उचलायच्या. पाणी परत येतं. अंडरवर्ल्डमध्ये लवकरच भूमध्य समुद्रात पाठीवर सिलिंडर घेऊन खाली जावं लागतं. आपल्या माणसांनी थायलंडचा भाग सावकाश खेळावा. भोगवती, शिवाची आणि कालीची प्रचंड मूर्ती, आणि त्या मूर्तींचेच भाग फिरवायचं कोडं. जागा लांब असल्याने काय केलं, काय राहिलं हे विसरायला होतं. मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

अंडरवर्ल्ड हा लेजंड आणि ॲनिव्हर्सरी या दोघांच्या गोष्टीचा शेवट आहे. म्हणून इथे उलट क्रम चांगला रंगतो. खलनायिका नातला खरी कोण हे तुम्हाला आधीच ठाऊक, मग ॲनिव्हर्सरीत ती लाराला कामावर ठेवताना जे गोड बोलते ते ऐकताना कान वेगळे असतात.

ॲनिव्हर्सरी म्हणजे पहिल्या खेळाची नवी बांधणी, त्यामुळे पेरू, ग्रीस, इजिप्त तुम्ही दोनदा फिरणार. सेंट फ्रान्सिस फॉली नावाच्या लेव्हलमध्ये चार खोल्या आहेत. २००७ मध्ये त्या पोसायडन, हेफेस्टस, ॲटलस आणि डॅमोक्लिसच्या. १९९६ मध्ये नेपच्यून, थॉर, ॲटलस, डॅमोक्लिस. दोन्हींतली कोडी लक्षात ठेवा, शेवटी तुलना करायला मजा येते. टी-रेक्सचंही तसंच. नव्यात तो गाजावाजा करून येतो, जुन्यात अंधारातून सरळ चालत येतो.

लेजंड छोटा आहे, सात-आठ तासांत होतो. पीसीवर सेटिंगमध्ये 'नेक्स्ट जनरेशन कन्टेन्ट' असा खटका आहे, तो बंद ठेवा. चालू ठेवला तर आजच्या कार्डांवरही खेळ अडखळतो, चित्र बिघडतं. पडदा १४४ हर्ट्झचा असला तरी या तिन्ही खेळांना ६० वर बांधा.

आता खरी दरी. २००६ आणि २००३ च्या मध्ये. इथे बनवणारेच बदलतात: लेजंडपासून अमेरिकेतली क्रिस्टल डायनॅमिक्स, त्याआधी इंग्लंडच्या डर्बी शहरातली कोअर डिझाईन. घाईघाईत बाजारात आलेला, चुकांनी भरलेला एंजल ऑफ डार्कनेस हा कोअरचा शेवटचा टूम रेडर. दमला असाल तर इथे आठवडाभर थांबा, पण हा खेळ गाळू नका. कारण शेवटी सांगतो.

[स्क्रीनवर: रिमास्टरचे दोन संच]

पहिल्या तिन्हींचा रिमास्टर संच, म्हणजे तेच खेळ नव्या चित्रासकट, १४ फेब्रुवारी २०२४ ला आला, चौथ्या ते सहाव्याचा बरोबर वर्षाने. तेच घ्या. पीसीवर एफ-वन दाबलं की जुनं-नवं चित्र बदलतं. नव्या चित्रात काही खोल्या काळोख्या आहेत, चावी दिसेना झाली की एफ-वन दाबून जुन्यात बघा.

कंट्रोल दोन प्रकारचे: मॉडर्न, म्हणजे जिकडे दाबाल तिकडे लारा धावते, आणि टँक, म्हणजे आधी तिला वळवायचं, मग पुढे चालवायचं. हात मॉडर्नकडे ओढेल. एंजल ऑफ डार्कनेसला मॉडर्न चालेल, पण क्रॉनिकल्सपासून टँकवर या. कारण जुन्या खेळातली जमीन शहाबादी फरशीसारखी सारख्या चौकोनांत आखलेली आहे आणि उड्या त्या चौकोनांत मोजलेल्या आहेत. उभ्या उभ्या मारलेली उडी एक चौकोन ओलांडते. धावून मारलेली दोन. धावून उडी आणि पलीकडची कड हाताने पकडली तर तीन.

पद्धत अशी. चालण्याचं बटण दाबून कडेपर्यंत जा, लारा पडत नाही, कडेला थांबते. बटण सोडा, मागे जायचं एकदा दाबा, ती एक चौकोन मागे उडी घेते. आता पुढे दाबून धरा आणि लगेच उडीचं बटणही दाबून धरा. ती नेमकी कडेवरून उडते. पकडायचं असेल तर हवेत असताना ॲक्शनचं बटण दाबूनच ठेवा. चूक होते ती इथे: लोक उडीचं बटण कड आल्यावर दाबतात. ती उशिरा ऐकते आणि खड्ड्यात जाते. लेजंडपर्यंतच्या खेळांनी लावलेली ही सवय आहे, तासभर एकाच खड्ड्यावर सराव केला की सुटते. लाराच्या घराची लेव्हल पहिल्या तिन्ही खेळांत आहे, सराव तिथे करा.

सेव्ह आता तुमच्या हातात. पहिल्या तिन्हींत सामानातल्या पासपोर्टमधून. किमान तीन जागा आळीपाळीने वापरा. एकाच जागी सेव्ह करत गेलात आणि घसरतीवर किंवा हवेत असताना सेव्ह झालं, तर उघडताच मरण, आणि मागे जायला काही नाही. लाईटचा भरवसा नसलेल्या दिवशी प्रत्येक उडीनंतर सेव्ह करा, कोणी बघत नाही.

एंजल ऑफ डार्कनेसमध्ये लटकताना पकडीची पट्टी संपते. एखादी उडी काही केल्या जमत नसेल तर जवळपास ढकलायचं कपाट किंवा फोडायचं दार शोधा. ते केलं की लाराची ताकद वाढते आणि मग तीच उडी जमते. पन्नासदा मरून उपयोग नाही.

आणि का गाळू नये, तर हे. त्या खेळाच्या सुरुवातीलाच पॅरिसमध्ये फॉन क्रॉय नावाच्या म्हाताऱ्याचा खून होतो आणि आळ लारावर येतो. क्रॉनिकल्समध्ये लारा मेली असं समजून तिची आठवण काढत माणसं बसलेली. लास्ट रेव्हलेशनच्या शेवटी ती इजिप्तमध्ये ढिगाऱ्याखाली गाडली जाते, आणि सुरुवातीला कोवळ्या वयाची लारा अंगकोर वाटमध्ये गुरूच्या मागे चाललेली. तो गुरू म्हणजे हाच फॉन क्रॉय. सरळ क्रमात ही साधी घटनावळ आहे. उलट क्रमात आधी खून, मग शोक, मग अपघात, आणि शेवटी गुरू-शिष्य. मालिकेत उलट खेळण्याचा सगळ्यात मोठा मोबदला इथे मिळतो.

लास्ट रेव्हलेशन लांब आहे, वीस तास सहज. लेव्हलमधून मागे-पुढे जावं लागतं, कुठली चावी कुठे लागली हे वहीत लिहा.

तिसरा खेळ भारतात सुरू होतो: जंगल, देवळाचे अवशेष, गंगा, कालियाच्या गुहा. जंगलातली माकडं मेडिपॅक उचलून पळतात, तेव्हा पडलेली वस्तू आधी घ्या, बाकीचं मग. दलदलीत थांबू नका. देवळात सहा हातांच्या, प्रत्येक हातात तलवार घेतलेल्या मूर्ती जिवंत होतात. खेळ त्यांना शिव म्हणतो. आपल्या कुठल्याच देवळात असा शंकर दिसायचा नाही, सोडून द्या. तुम्ही गोळ्या झाडत राहिलात तर तो तलवारी आडव्या धरतो आणि काही लागत नाही. थांबा, तो चालायला लागू द्या, मग मारा.

दुसऱ्यात बारखांग मठातल्या भिक्षूंना चुकूनही गोळी लावू नका, सगळा मठ अंगावर येतो. गोळी लागलीच तर मागचा सेव्ह उघडा.

मग १९९६. पंधरा लेव्हल्स. काट्यांतून धावू नका, चालण्याचं बटण धरून चाललात तर काहीच होत नाही. मिडासच्या महालात तुटलेल्या पुतळ्याच्या हातावर शिशाच्या कांड्या ठेवून सोनं करायचं आहे, स्वतः त्या हातावर चढलात तर लाराचंच सोनं होतं आणि खेळ संपतो. आधी सेव्ह करून एकदा मुद्दाम चढून बघा.

रिमास्टरमध्ये याच खेळासोबत 'अनफिनिश्ड बिझनेस'च्या चार लेव्हल्स येतात. मुख्य खेळापेक्षा अवघड आहेत. पंधरा लेव्हल्स झाल्याशिवाय त्या उघडू नका, आणि मेडिपॅक त्यांच्या पहिल्या लेव्हलपासून वाचवा.