शेवटचं पान आधी

(दृश्य: ऑगस्टची सकाळ. चहाच्या कपाशेजारी उघडलेलं मराठी वर्तमानपत्र.)

आतल्या पानांवर आकड्यांच्या बारीक चौकटी दिसतात आणि आपण पान उलटतो. पण त्या तिथे उगाच आलेल्या नाहीत. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात असेल, तर तिमाही निकालाची, म्हणजे तीन महिन्यांच्या हिशेबाची, जाहिरात मराठी दैनिकातही द्यावी लागते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा नियमच आहे तसा.

(दृश्य: दलाल स्ट्रीट. मग मोबाईलचा पडदा.)

पूर्ण निकाल मात्र बीएसई आणि एनएसई या शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर मिळतो. फुकट. शेअर ठेवायचं डीमॅट खातंही लागत नाही. बीएसईवर प्रत्येक कंपनीला सहा आकडी कोड असतो, इन्फोसिसचा 500209. तो टाकायचा आणि कंपनीच्या घोषणा उघडायच्या. संचालक मंडळाची बैठक बाजार चालू असताना संपली, तर 30 मिनिटांत निकाल इथे यायलाच हवा. हजारो कोटी सांभाळणारा फंड मॅनेजर आणि दहा शेअर घेतलेले निवृत्त शिक्षक, दोघांसमोर एकच कागद, एकाच वेळी. हा हक्क फार मोलाचा आहे, आणि आपण तो वापरत नाही याची खंत वाटते.

(दृश्य: निकालाचा तक्ता.)

तक्ते दोन असतात. एक फक्त मूळ कंपनीचा, दुसरा उपकंपन्यांसह एकत्रित. एकत्रित घ्या. शेजारच्या रकान्यात मागची तिमाही असते, पण तुलना करायची ती गेल्या वर्षीच्या याच तिमाहीशी. एसी विकणाऱ्या कंपनीचा एप्रिल ते जूनचा उन्हाळा पावसाळ्यातल्या तिमाहीशी ताडून काय कळणार? साखर कंपन्या तर टिपेत लिहूनच देतात, की धंदा हंगामी आहे, एका तिमाहीवरून वर्षाचा अंदाज बांधू नका.

आता नफा. तो मालाच्या विक्रीतून आला, की ‘इतर उत्पन्न’ आणि ‘अपवादात्मक बाबी’ या ओळींतून? जमीन विकूनही नफा फुगतो. ती जमीन पुढच्या तिमाहीत पुन्हा विकता येत नाही.

याचा उलगडा तक्त्याखालच्या, बहुतेकदा शेवटच्या पानावरच्या, टिपांत होतो. कराची मागणी, कोर्टातला दावा, बंद केलेला कारखाना, सगळं तिथे. सोबत लेखापरीक्षकांचं पत्र असतं. तिमाहीला ते पूर्ण तपासणी करत नाहीत. मुख्यतः विचारपूस आणि आकड्यांचं विश्लेषण करतात, आणि पत्रात तसं स्पष्ट लिहितात.

(दृश्य: जानेवारी 2009 मधली वृत्तपत्रं.)

आणि कागदच खोटा असेल तर? सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत सत्यम या आयटी कंपनीने 2,700 कोटींचा महसूल दाखवला होता. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं: खरा महसूल 2,112 कोटी. कामकाजातला नफा 649 नव्हे, 61 कोटी. बँकेतले 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते.

म्हणून सप्टेंबर आणि मार्चचे निकाल जास्त सावकाश वाचायचे. त्यांच्यासोबत ताळेबंद (मालमत्ता आणि देणी यांचा तक्ता) आणि रोख प्रवाहाचं पत्रक येतं. नफा वाढतोय, पण धंद्यातून रोकड येत नाही, असं दिसलं की तिथे थांबायचं आणि कारण शोधायचं.

(दृश्य: रात्र. लॅपटॉपचा उजेड.)

14 ऑगस्ट. जून तिमाहीच्या निकालांसाठी दिलेले 45 दिवस आज संपतात. बीएसईच्या घोषणांच्या यादीत एकामागून एक छोट्या कंपन्यांची नावं येत आहेत. त्यातलं एक उघडूया. आधी शेवटचं पान.