काका, टेकडी कुठंय?

[दृश्य: अंधार. गाडीच्या काचेवर दव. वायपर एकदाच फिरतो.]

पहाटेचे चार. कोथरूड अजून झोपलंय. थर्मासमध्ये चहा आहे, मागच्या सीटवर ट्रायपॉड आहे, आणि आमच्या कॅमेरावाल्या मित्राच्या खिशात एक चुंबक आहे. जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेला, चकचकीत, बोटाच्या पेराएवढा. तो कशाला घेतला, ते मी त्याला विचारलं नाही. चार वाजता माणसाला प्रश्न विचारू नयेत.

आम्ही निघालोय केळशीला. रत्नागिरी जिल्हा, दापोली तालुका, भारजा नदीच्या मुखाशी वसलेलं गाव. तिथली वाळूची टेकडी बघायची आणि रात्री घरी परत यायचं. जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या आसपास. बायको म्हणाली, एक दिवस मुक्काम करा ना. बरोबरच म्हणाली. पण सुट्टी एकच दिवसाची होती.

[दृश्य: मुळशीचं धरण, पाण्यावर धुकं.]

पौड मागे पडतं, मुळशीचा जलाशय उजाडायच्या आधीच निघून जातो. याच पाण्याखाली गेलेल्या जमिनींसाठी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. दिवसा इथं भुट्टेवाल्यांची रांग असते. आत्ता एक कुत्रं आहे, तेही आमच्याकडे बघत नाही.

ताम्हिणी घाट. हेडलाइटच्या उजेडात डावीकडची कातळभिंत चमकते. काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हा काळा रंग लक्षात ठेवा. परत येताना त्याच्याशी काम आहे.

माणगाव, म्हसळा, बागमांडला. या टप्प्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रस्ता काही ठिकाणी रस्ता आहे आणि काही ठिकाणी आठवण.

[दृश्य: जेटी. गाड्या एकामागोमाग फेरीबोटीत चढतायत. लोखंडी फळीचा खडखडाट.]

बागमांडल्याला सावित्री आडवी येते. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी इथं इतकी रुंद होते की पलीकडचा किनारा रेघेसारखा दिसतो. इकडे रायगड जिल्हा, पलीकडे वेशवी, म्हणजे रत्नागिरी. गाडीसकट बोटीत चढायचं, इथं सगळे तिला ‘जंगल जेटी’ म्हणतात. दुचाकीवर दुधाचे कॅन, एक टेम्पो, आणि नवऱ्यामुलाकडची वाटावी अशी सजलेली एक जीप. पाणी चहाच्या रंगाचं. ओंजळीत घेऊन बघितलं तर त्यात गाळ तरंगतो. सह्याद्रीतून उगाळून आणलेला गाळ.

पलीकडे बाणकोटचा किल्ला, आंग्र्यांकडून घेतल्यावर इंग्रजांनी ज्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. पुढे वेळास, नाना फडणविसांचं मूळ गाव, हल्ली कासवांसाठी जास्त ओळखलं जाणारं. दोन्ही ठिकाणी थांबायचा मोह होतो. आम्ही थांबलो नाही, कारण भरती-ओहोटी कुणासाठी थांबत नाही आणि आमचा सगळा दिवस तिच्यावरच बेतलेला होता.

तो हिशेब सांगतो. कोकणात मोबाईल यायच्या आधीपासून आहे. तिथीची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. आज अष्टमी. आठची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. दुपारभर पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, मोकळी मिळणार. गोम एवढीच की अष्टमीला भांग असतो, उधाण नसतं. पाणी फार वर चढत नाही तसं फार लांबही जात नाही. पुनवेला-अवसेला आलो असतो तर बाराच्या सुमारास लाट टेकडीच्या पायाशी असती.

[दृश्य: केळशी. जांभ्या दगडाच्या गडग्यांमधली गल्ली. माडांची सावली.]

केळशी. साडेनऊ वाजले. महालक्ष्मीचं घुमटांचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा, ज्याला शिवाजी महाराजांनी इनाम दिल्याचं सांगतात, आणि मध्ये वाड्या, सुपारी, विहिरी. जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं. कोकणात हे करावंच लागतं. इथं घरगुती खानावळीत तुम्ही अचानक टपकलात तर यजमानीण नाही म्हणत नाही, पण तिच्या चेहऱ्यावर तुम्हाला ते वाचता येतं.

गावातून बाहेर पडलो आणि सुरूच्या बनात शिरलो. पायाखाली सुयांसारख्या पानांचा जाड थर, पाय पडला की आवाज नाही. वाट चढत गेली. आम्ही धापा टाकत वर आलो, कॅमेरा लावला, आणि मी चारी बाजूंनी बघितलं. झाडं. केवडा. करवंदीच्या जाळ्या. झाडांच्या फटींतून निळा समुद्र.

मी मनात राजस्थान घेऊन आलो होतो. उघडी, सोनेरी, वाऱ्यानं रेघा ओढलेली टेकडी. एक काका लाकडं गोळा करत होते.

“काका, ती वाळूची टेकडी कुठंय?”

त्यांनी मोळी खाली ठेवली. मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

“मग तुम्ही उभे आहात ती काय, गच्ची आहे?”

[दृश्य: बूट पानांचा थर बाजूला करतो. खाली वाळू.]

पानं बाजूला केली. वाळू. हात खुपसला, कोपरापर्यंत वाळू. वरची कोरडी, राखाडी, बोटांतून सांडणारी. वीतभर खाली थंड आणि ओलसर. एवढ्या उंचीवर, फेब्रुवारीत, साडेतीन-चार महिने पावसाचा थेंब नसताना ओलसर.

कोकणातली वाळूची टेकडी अशी असते. इथं तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उघडी वाळू फार दिवस उघडी राहूच शकत नाही, काहीतरी उगवतंच. म्हणून पर्यटक तिच्यावरून चालत जातो, समुद्राचा फोटो काढतो आणि टेकडी न बघता परत जातो. मीही जाणार होतो. काकांनी वाचवलं.

[दृश्य: टेकडीची समुद्राकडची बाजू. कापलेली कड. वाळूत अडकलेले शिंपले.]

आता खाली उतरून तिला समोरून बघू. ही टेकडी अभ्यासकांच्या नजरेत आली ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांच्यामुळे. टेकडीच्या थरांत त्यांना मडक्यांची खापरं, कोळसा, हाडं, शिंपले आणि बहमनी काळातली नाणी सापडली. आता विचार करा. वारा वाळू उचलतो, पण मोजून मापून उचलतो. बारीक दाणा नेतो, जाड टाकून देतो. म्हणून वाऱ्यानं रचलेली वाळू चाळणीतून काढल्यासारखी एकसारखी असते. खापराचा तुकडा आणि नाणं वारा कसा चढवणार? मराठे यांचं म्हणणं असं, की पंधराव्या शतकाच्या अखेरीस-सोळाव्याच्या सुरुवातीस समुद्रानं एकदा फार मोठी उडी घेतली, त्सुनामीच, आणि गावाचा संसार वाळूसकट इथं आणून ओतला.

या म्हणण्यावर वाद आहेत. पण अरबी समुद्र शहाणा समुद्र आहे असं समजू नका. २८ नोव्हेंबर १९४५ ला, आताच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि त्याच्या लाटांनी पार मुंबईत माणसं नेली. आणि त्याच्याही आधी, सप्टेंबर १५२४ मध्ये, वास्को द गामा व्हाइसरॉय होऊन येत असताना दाभोळच्या आसपास वारा नसताना गलबतं गदगदा हलायला लागली, अशी पोर्तुगीज बखरकारांची नोंद आहे. खलाशी घाबरले. गामानं त्यांची समजूत घातली, की समुद्रच आपल्याला भिऊन थरथरतोय. दाभोळ इथून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर.

मला आपलं वाटतं, टेकडी रचण्यात लाट आणि वारा, दोघांचाही हात असावा. पायथा लाटेनं घातला असेल, पण वरची मशागत वाऱ्याची. ते काम तर आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत चालू आहे.

[दृश्य: दुपार. कॅमेरा जमिनीलगत. वाळूचे कण सरपटत येतायत. आवाज: बारीक सळसळ.]

दुपारी एक. खारा वारा सुटला. घोट्याला काहीतरी टोचायला लागलं, म्हणून खाली बघितलं. वाळू चालत होती. चालत नव्हती खरं तर, उड्या मारत होती. एक दाणा उडतो, पडताना दुसऱ्याला टप्पल मारतो, तो उडतो, तो तिसऱ्याला. वीतभर उंचीचं एक धुरकट कापड किनाऱ्यावरून गावाकडे ओढलं जातंय असं वाटतं.

आणि इथं, बघा, मर्यादवेल. जांभळी फुलं, आपट्यासारखं मध्ये चिरलेलं पान. ही वेल समुद्राची मर्यादा सांगते, म्हणून हे नाव. तिच्या पेरापेराला मूळ फुटतं आणि ती वाळूत टाके घातल्यासारखी पुढे सरकते. या एका पानाच्या मागं बघा. वारा पानाला अडतो, मंद होतो, हातातलं ओझं टाकतो. पानाच्या आडोशाला चिमूटभर वाळूचा शेपटा तयार झालाय. आमचं जेवण होईपर्यंत तो दुप्पट झाला. वेल गाडली गेली तर ती वर येते, आणखी वाळू अडवते, पुन्हा वर येते. टेकडी म्हणजे अशा चिमटींचा ढीग.

पावसाळ्यात हाच ढीग खर्ची पडतो. उधाणाच्या लाटा पायथा खातात, ती वाळू समोर पाण्याखाली आडवी पसरते, आणि पुढच्या लाटा तिच्यावर फुटून दमतात. दिवाळीनंतर समुद्र ती हळूहळू परत करतो. ज्या गावांनी टेकडी सपाट करून दगडी बंधारे घातले, तिथं लाट बंधाऱ्यावर आपटते आणि जाताना पुढ्यातली पुळण घेऊन जाते. २०११ आणि २०१९ च्या किनारा नियमनाच्या अधिसूचनांत वाळूच्या टेकड्या पहिल्या, सगळ्यात कडक वर्गात आहेत. खारफुटी आणि कासवांच्या जागांच्या पंक्तीला.

कासवांचंही असंच. ऑलिव्ह रिडले मादी भरतीच्या रेषेच्या वर, टेकडीच्या पायाशी चढून येते, दीड फूट खणते आणि शंभराच्या आसपास अंडी घालते. पन्नास-पंचावन्न दिवस वाळूनं ती उबवायची. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर. पुळणीवर गाडी घालून गोल गोल फिरवणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं. म्हणजे ते ऐकणार नाहीत, पण सांगायचं आपलं काम.

आणि हे वाकडे बुंधे? ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं आणि ही सगळी पट्टी झोडपून गेलं. माड, सुपारी, सुरू, कौलं. मगाचचे काका म्हणाले, “घरावर झाड पडलं, वाडी गेली. ही मात्र हितंच होती.” ‘ही’ म्हणताना त्यांनी टाचेनं वाळूवर ठोकलं.

[दृश्य: भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढीची वाटी.]

जेवणाबद्दल बोलत नाही. तुम्हाला भूक लागेल.

एक कबुली. इथून पुढची दृश्यं मोबाईलवरची आहेत. लेन्सच्या कड्यात वाळू गेली आणि ती फिरवली की जात्यासारखा आवाज यायला लागला. ड्रोन वाऱ्यामुळे उडालाच नाही. वाळूचं शूटिंग करायला येऊन वाळूवर रुसायचं कसं?

[दृश्य: तळहात. चुंबक वाळूतून फिरतो.]

तेव्हा मित्रानं खिशातून चुंबक काढला. पिशवीत गुंडाळून वाळूतून एकदा फिरवला. वर काढला तर त्याला काळ्या मिशा. मॅग्नेटाइट. लोखंडाचं खनिज, बेसाल्टच्या दगडात दाणा दाणा असतं. दगड झिजतो, माती होते, नदीतून वाहून जाते, हा दाणा मात्र टिकतो. नदी त्याला खाडीत टाकते, समुद्र किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरवतो, लाट वर फेकते. म्हणजे आम्ही पहाटे चारला निघून ज्या बाजूनं आलो, त्याच बाजूनं हा दाणाही आला. फक्त त्याला जरा जास्त वेळ लागला.

[दृश्य: संध्याकाळ. परतीची फेरीबोट. मावळतीचं पाणी.]

साडेतीनला निघालो. वेशवीला बोटीसाठी पाऊण तास रांग. म्हसळ्याला चहा. माणगावात ट्रॅफिक, त्याबद्दल शिव्या संपादनात काढल्या आहेत.

[दृश्य: रात्र. ताम्हिणी घाट. हेडलाइट कातळावर.]

आठ वाजता घाटात मित्रानं गाडी बाजूला घ्यायला लावली. माझ्या बुटाची नाडी सोडून घेतली, तिला चुंबक बांधला, आणि कातळभिंतीपासून बोटभर अंतरावर धरला. वारा नव्हता. चुंबक काही क्षण सरळ लोंबकळत राहिला. मग किंचित, अगदी किंचित, दगडाकडे झुकला आणि टक्‌ करून टेकला.

[दृश्य: तसंच. गाडीच्या हजार्ड लाइटची उघडझाप.]